मिकीच्या गावी पाटपाणी

परदेशी जाऊन आलेल्या माणसाला आपल्याकडे दोनच प्रश्न विचारतात. एक, "थंडी फार होती का हो?" आणि दुसरा, "जेवणाखाण्याचे कसे काय केलेत?" पहिल्याचे उत्तर मी एका वाक्यात देते, कारण आम्ही गेलो होतो त्या फ्लॉरिडात ऑक्टोबर महिन्यातसुद्धा पाठीवरून घामाच्या धारा लागतात. दुसऱ्याचे उत्तर मात्र असे चटकन देता येत नाही. कोजागिरीच्या रात्री सोसायटीच्या गच्चीवर ते द्यायला बसले, तेव्हा दूध आटून निम्म्यावर आले तरी माझे संपले नव्हते. "तुम्ही हे लिहूनच का काढत नाही?" असे शेवटी एकीने म्हटले. त्या म्हणण्यात कौतुक किती होते आणि सुटका करून घेण्याची घाई किती होती, ते मी विचारले नाही. म्हणून हा लेखप्रपंच.

2023 च्या ऑक्टोबरात आम्ही दोघे अटलांटाला मुलाकडे होतो. त्याला अचानक रजा मिळाली आणि मुलांच्या फार दिवसांच्या हट्टाखातर ऑर्लंडोचे डिस्ने वर्ल्ड पाहायचे ठरले. मोटारीने सात तासांची वाट. आम्ही माणसे सहा : हे, मी, मुलगा, सूनबाई, दहावे वर्ष नुकतेच पुरे केलेली नात आणि चार वर्षांचा नातू. ह्यांना पंधरा वर्षांपासून मधुमेह आहे. ही गोष्ट आताच सांगून ठेवते, कारण पुढल्या सगळ्या हकिगतीचे मूळ तिच्यात आहे.

'बाग' म्हटली की माझ्या डोळ्यांपुढे भायखळ्याची राणीची बाग येते. सकाळी उठून पुऱ्या आणि बटाट्याची सुकी भाजी करायची, पितळी डबा कडीला अडकवायचा, सतरंजी घ्यायची आणि हत्ती पाहून झाला की झाडाखाली बसून जेवायचे. तेव्हा मुलाने जेव्हा सांगितले, की तिथे जेवायच्या जागा दोन महिने आधी राखून ठेवाव्या लागतात, तेव्हा मला वाटले हा थट्टा करतोय. थट्टा नव्हती. डिस्ने वर्ल्ड 1 ऑक्टोबर 1971 रोजी सुरू झाले आणि आज तिथे एक नाही, चार प्रचंड उद्याने आहेत : मॅजिक किंगडम, एप्कॉट, हॉलिवुड स्टुडिओज आणि ॲनिमल किंगडम. सारी जागा मिळून सुमारे 100 चौरस किलोमीटर भरते; कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतची आपली जुनी मुंबई तिच्यात मावून वर जागा उरेल. ह्या एवढ्या पसाऱ्यात माणसे दिवसभर चालतात, आणि दुपारी एकाच वेळी सगळ्यांचे पाय दुखू लागतात.

खाण्याची सोय तिथे दोन तऱ्हांची असते. एक काउंटरवरची. हल्ली मोबाइलवरूनच काय हवे ते मागवायचे, पैसे भरायचे, आणि ट्रे घेऊन रिकामी खुर्ची शोधत हिंडायचे. दादर स्टेशनबाहेरच्या उपाहारगृहात ज्याने दुपारी एक वाजता दुसऱ्याच्या खुर्चीमागे उभे राहून त्याचे ताक संपण्याची वाट पाहिली आहे, त्याला ह्यात नवे काही वाटणार नाही. दुसरी तऱ्हा म्हणजे टेबलाशी बसून जेवण्याची. दारात नाव सांगायचे, कुणीतरी आत नेऊन बसवतो, थंड पाणी येते, पदार्थ आणून वाढतात. तास-सव्वा तास कुणी उठवत नाही. ह्या दुसऱ्या तऱ्हेच्या जागांसाठीच आधी नंबर लावावा लागतो. साठ दिवस आधी पहाटे सहाच्या सुमाराला नोंदणी खुली होते, आणि नावाजलेल्या ठिकाणच्या चांगल्या वेळा बघता बघता उडतात. आपल्याकडे लग्न ठरले की आधी कार्यालय मिळते का बघतात आणि मग मुहूर्त धरतात, तसलाच हा प्रकार.

आमची रजाच उशिरा ठरली, त्यामुळे सूनबाई नोंदणीला बसली तेव्हा हाती उरले होते जेमतेम चौतीस दिवस. ती नोकरी करणारी, हिशेबी आणि उत्साही मुलगी. जेवणाच्या टेबलावर तिने मोठा कागद पसरला आणि घरातल्या प्रत्येकाला विचारले, "तुम्हांला कुठे जेवायचे आहे?" इथेच आमचे पहिले चुकले, असे मला आता वाटते. प्रत्येकाने आपापल्या आवडीचे सांगितले. नातीला 'ब्यूटी अँड द बीस्ट'च्या गोष्टीतल्या राजवाड्यात जेवायचे होते. तसा एक राजवाडा मॅजिक किंगडममध्ये खरोखरच उभारलेला आहे. 'बी अवर गेस्ट' हे त्याचे नाव आणि तो 2012 सालचा. नातवाला मिकी भेटेल तिथे. मुलाला हॉलिवुड स्टुडिओजमधले 'साय-फाय डाइन-इन', जिथे जुन्या मोटारींच्या आकाराच्या बाकांवर बसून पडद्यावर जुन्या शास्त्रीय चित्रपटांचे तुकडे बघत खायचे. मला विचारले तेव्हा "जिथे शाकाहारी मिळेल तिथे" म्हणून मी मोकळी झाले, आणि हे म्हणाले, "मला कुठेही चालेल." घरातला मोठा माणूस 'मला कुठेही चालेल' म्हणतो तेव्हा त्याला काय चालणार नाही ते इतरांनी शोधून काढायचे असते. आम्ही कुणीच ते शोधले नाही.

राजवाड्यात पहिल्या दिवसाची दुपारी अडीचची वेळ मिळाली. तेवढीच उरली होती. नात आनंदाने घरभर नाचली.

तिच्या आनंदाला दुसरेही एक कारण होते. ठरावीक दराच्या जेवणाला तिथे तीन ते नऊ वर्षांचे ते मूल आणि दहाव्या वर्षापासून मोठे माणूस असा हिशेब आहे. म्हणजे वाढदिवसाला तीन आठवडे झालेली आमची नात पूर्ण दराची धनीण झाली होती. तिला त्याचा केवढा अभिमान! मला मात्र राहून राहून वाटे, हीच सहल उन्हाळ्याच्या सुटीत काढली असती तर केवढे पैसे वाचले असते. राजवाड्यातले जेवण मोठ्या माणसाला सत्तर डॉलरांच्या आसपास, त्यावर साडेसहा टक्के कर, आणि सहा किंवा जास्त माणसे असली की 18 टक्के बक्षिशी बिलातच धरतात. मी मनातल्या मनात डॉलरला त्र्याऐंशीने गुणले. एका दुपारचे चाळीस हजार रुपये! त्या रात्री मला झोप लागली नाही, हे खोटे नाही.

आणि ह्या गुणाकारानेच पुढे घात केला.

पहिल्या दिवशी सकाळी सातला आम्ही मुक्कामाच्या ठिकाणी न्याहारी केली. ह्यांनी आपली गोळी घेतली. निघताना सूनबाई दशम्यांचा आणि चिवड्याचा डबा पिशवीत भरू लागली. बाहेरचे खाणे आत न्यायला तिथे बंदी नाही. काचेची भांडी आणि दारू तेवढी चालत नाही. पण मीच तिला अडवले. "अगं, अडीच वाजता एवढे पैसे मोजून जेवायचे आहे. अधेमधे खाऊन भूक मारायची कशाला?" तिने माझ्याकडे पाहिले, काही बोलली नाही आणि डबा परत शीतकपाटात ठेवला. सासूला उलट बोलत नाही ही तिची चांगली सवय त्या दिवशी आम्हांला महागात पडली.

एक वाजून गेला होता. आम्ही एका पाळण्याच्या रांगेत उभे होतो. सावली होती, पण हवा कोंदट. हे गप्प गप्प झाले. मला वाटले कंटाळले. मग नातवाचा हात धरलेला ह्यांचा हात थरथरताना मी पाहिला. कपाळावर, मानेवर दरदरून घाम. "काय होतंय?" म्हटले तर म्हणाले, "दादरची गाडी किती वाजता आहे?" पस्तीस वर्षे रेल्वेत काढलेल्या माणसाच्या तोंडून तो प्रश्न त्या परक्या देशात ऐकला आणि माझ्या पोटात खड्डा पडला.

मुलाने ह्यांना रांगेबाहेर आणून एका कठड्यावर बसवले. पर्समधले यंत्र काढून बोट टोचले, तर साखर अठ्ठावन्न. माझ्या पर्समध्ये त्या यंत्राखेरीज होते काय? बडीशेप आणि गुडघ्याचे मलम! शेजारी एक मेक्सिकन की कुठले कुटुंब बसले होते. त्यांच्यातल्या आजीने काही न विचारता आपल्या नातवाच्या हातातली सफरचंदाच्या रसाची डबी काढून घेतली, नळी खुपसली आणि ह्यांच्या तोंडाला लावली. भाषा एकमेकींची कळत नव्हती, पण तिच्या घरातही ह्या रोगाचे माणूस असले पाहिजे, एवढे मला कळले. पंधरा मिनिटांनी पुन्हा बोट टोचले तेव्हा साखर वर चढली होती. तेवढ्यात सूनबाईने जवळच्या काउंटरवरून टोमॅटो-चीज घातलेला पाव आणला. तो खाऊन झाल्यावर हे म्हणाले, "इतके सगळे माझ्याभोवती का जमलात? रांग गेली ना हातची!" तेव्हा कुठे माझ्या जिवात जीव आला.

नंतर ह्यांना प्रथमोपचार केंद्रात नेले. मेन स्ट्रीटच्या टोकाला, क्रिस्टल पॅलेस नावाच्या उपाहारगृहाशेजारी ते आहे. तिथल्या परिचारिकेने रक्तदाब पाहिला, थोडे पडू दिले आणि गोळीचे नाव विचारून सांगितले, की ही गोळी पोटात असताना जेवणाची वेळ पुढे ढकलायची नसते. गोळी आपले काम करीत राहते, पोटात काही असो वा नसो. हे आमच्या ठाण्याच्या डॉक्टरांनी शंभरदा सांगितलेले. मला ते पाठ होते. पण चाळीस हजारांच्या आकड्यापुढे मी ते विसरले, ह्याची लाज मला आजही वाटते.

अडीच वाजायला आले. राजवाडा हाकेच्या अंतरावर. ठरल्या वेळेच्या दोन तास आधी नोंदणी रद्द केली नाही तर माणशी दहा डॉलर कापतात, ही अट आम्हांला आधीच माहीत होती. म्हणजे साठ डॉलर गेल्यातच जमा होते. मुलगा म्हणाला, "तुम्ही चौघे जा, मी बाबांपाशी बसतो." त्यावर नात म्हणाली, "मला नाही जायचं. मला भूकच नाही." एवढे बोलून ती भिंतीकडे तोंड करून बुटाचा बंद बांधू लागली. बंद आधीच बांधलेला होता.

वॉल्ट डिस्नेसाहेब सांगत असत, की ह्या बागेची कल्पना त्यांना एका बाकावर सुचली. लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कमध्ये त्यांच्या मुली लाकडी घोड्यांच्या चक्रावर फिरत आणि ते आपले बाकावर शेंगदाणे खात बसत. वडीलमाणसांनाही मुलांबरोबर मौज करता येईल अशी जागा का असू नये, असे तेव्हा त्यांच्या मनात आले. त्यातून 1955 साली कॅलिफोर्नियात डिस्नेलँड झाले. गोष्ट छान आहे. परंतु त्या दुपारी प्रथमोपचार केंद्रात बसून मला वाटले, की सत्तरीच्या माणसाला तो बाक आणि ते शेंगदाणेच आधी लागतात. बाकीची मौज मागाहून.

त्या रात्री मुक्कामावर ह्यांनी सूनबाईकडून तिचा तो मोठा कागद मागून घेतला. चष्मा लावला, पट्टी मागितली. पट्टी नव्हती, म्हणून वहीची कडा धरून आडव्या-उभ्या रेघा मारल्या आणि उरलेल्या तीन दिवसांचे चक्क रेल्वेचे टाइमटेबल तयार केले. उपाहारगृहांची नावे त्यात नव्हतीच. डाव्या बाजूला फक्त तास. सात वाजता गोळी व न्याहारी. साडेनऊला दशमी. साडेअकरा ते बारा भोजन. ही वेळ लाल शाईने. दोन ते साडेतीन धाकट्याची झोप. चारला पुन्हा काहीतरी. "आता ह्या लाल खुणेवर गाडी जिथे असेल," ते म्हणाले, "तिथले स्टेशन शोधा. स्टेशन आवडते म्हणून गाडी तिथपर्यंत उपाशी ओढायची नाही."

सूनबाईच्या डोळ्यांत पाणी आले होते. मी तिला म्हटले, "चूक तुझी नाही, माझी आहे." आमच्या नात्यात हे वाक्य बारा वर्षांत प्रथमच उच्चारले गेले.

मग आम्ही दोघी फोन घेऊन बसलो. मौज अशी, की जागा निवडण्याचा प्रश्न असा उलटा मांडल्यावर कितीतरी नावे आपोआप गळाली. मुलाच्या 'साय-फाय'ची चित्रे नीट पाहिली, तर मोटारीच्या सीटसारखे एकापुढे एक बाक, सगळ्यांची तोंडे पडद्याकडे. एके काळी वांद्र्यालाही ड्राइव्ह-इन होते, तिथली मजा मी जाणते. पण मला ह्यांचा चेहरा दिसायला हवा होता. ते नाव मुलाने स्वतःच खोडले. सिंड्रेलाच्या किल्ल्यातले जेवण म्हणजे राजकन्या येणार, फोटो होणार, आणि किंमत राजवाड्याला साजेशी. त्यापेक्षा मेन स्ट्रीटच्या टोकाचे 'प्लाझा' साधे, सँडविच-आइस्क्रीमचे, किंमतही बेताची. ते आम्ही राखीव म्हणून लिहून ठेवले.

दुसरा दिवस एप्कॉटचा. तिथे आधीपासून 'गार्डन ग्रिल'ची नोंदणी होती, नातवाच्या मिकीसाठी. वेळ मात्र पावणेदोनची. बदलून मिळाली नाही. रद्द करावी तर नातवाचे तोंड पाहवेना. तेव्हा ह्यांचे साडेअकराचे जेवण आम्ही बाहेर एका बाकावर दशम्या, दही आणि एक केळे ह्यांवर भागवले. दह्याचे डबे काउंटरवर मिळाले, आणि बर्फाचे पाणी काउंटरवर मागितले की फुकट देतात. (ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे, बाटल्या विकत घेऊ नका.) नंतर टेबलाशी जाऊन बसलो ते फक्त बसण्यासाठी.

आणि बसण्यासाठी ती जागा फार छान. उपाहारगृहाचा मजलाच हळूहळू फिरतो, घड्याळाच्या तास-काट्यापेक्षा थोडा घाईने म्हणा. खाली होड्यांची सफर चाललेली असते. तिच्या वाटेवरचे वाळवंट, पाऊस, शेतघर असे देखावे एकामागून एक समोर येतात. त्याच इमारतीतल्या हरितगृहांत पिकवलेली काही भाजी पानात येते. पदार्थ मोठ्या थाळ्यांत घरच्यासारखे मध्ये ठेवतात आणि हवे तितके पुन्हा वाढतात. शाकाहारी म्हटल्यावर आमच्यासाठी वेगळे आणले. ह्यांना आधी चक्कर येईल अशी भीती होती, पण लोकलच्या दारात उभे राहून ज्यांचा जन्म गेला त्यांना ते फिरणे जाणवलेसुद्धा नाही.

मात्र पावणेदोन म्हणजे नातवाच्या झोपेचे दार. सूप येईपर्यंत तो आईच्या मांडीवर कलला. दोन वाजता मिकी आला, साक्षात, शेतकऱ्याच्या वेषात, आणि आमचा चिरंजीव तोंड उघडे टाकून घोरत होता! आम्ही हाका मारल्या, गालावर पाणी लावले, काही उपयोग नाही. ही सोंगे बोलत नाहीत. मिकीने ओठांवर बोट ठेवले, पावले न वाजवता जवळ आला आणि त्याच्या डोक्याशी गुडघ्यांवर बसून राहिला. फोटो निघाला. तो फोटो आज नातू सगळ्यांना दाखवतो आणि सांगतो, "मी झोपलोच नव्हतो, मी मिकीला फसवत होतो."

बिल आले तेव्हा ह्यांनी खुशीत येऊन बशीखाली वीस डॉलरची नोट सरकवली. 18 टक्के त्यात आधीच धरले आहेत, हे मुलाने कानात सांगितले. "असू दे," हे म्हणाले, "ते कंपनीने घेतले, हे मी दिले." मी गुणाकार केला नाही. केला असता तरी बोलले नसते.

त्याच दिवशी संध्याकाळी एप्कॉटच्या तळ्याभोवती फिरताना मेक्सिकोच्या पिरॅमिडमध्ये शिरलो आणि कपाळावर हात मारून घेतला. आत भर दिवसा रात्र! वर निळे-काळे आकाश, दूर धुमसता ज्वालामुखी, बाजाराचा चौक, आणि त्याच्या कडेला 'सान आंखेल इन' नावाचे उपाहारगृह. टेबलांवर मिणमिणते दिवे आणि शेजारून होड्या सरकताहेत. हे 1982 पासून, म्हणजे एप्कॉट उघडल्यापासून आहे. झोपाळू पोराला दुपारी न्यायची जागा हीच! आणि आपल्या माणसाला जिभेलाही परकी नाही : मक्याची पातळ भाकरी, घेवड्याची उसळ म्हणावी असे काही, मिरच्या, आणि चटणी वाटायला आपल्या पाट्याच्या जातीचाच दगडी खल. फक्त मेक्सिकन स्वयंपाकात घेवड्याला कधी कधी डुकराची चरबी लावतात, तेव्हा शाकाहारी मंडळींनी आधी विचारावे. मिकीला सकाळच्या वेळी गाठायचे आणि दुपारी अंधारात जेवायचे, हा धडा आम्हांला असा सहा तास उशिरा मिळाला.

ह्या बागांतून जेवणाचे इतके महत्त्व का, ह्याची एक हकिगत मला मुलाने परतीच्या बसमध्ये सांगितली, ती इथे सांगितल्यावाचून राहवत नाही. डिस्नेलँडच्याही आधीची गोष्ट. कॅलिफोर्नियातच नॉट नावाचे एक शेतकरी दांपत्य रस्त्याकडेला बेरीची फळे आणि मुरंबे विकत असे. 1934 साली, मंदीच्या दिवसांत, कॉर्डेलिया नॉट ह्या गृहिणीने आपल्या लग्नातल्या चिनीमातीच्या बशा काढून आठ गिऱ्हाइकांना कोंबडीचे जेवण वाढले. दर माणशी 65 सेंट. चव अशी, की पुढे माणसे तासन्‌तास रांगेत उभी राहू लागली. त्या खोळंबलेल्यांचा वेळ जावा म्हणून यजमानांनी 1940 च्या सुमाराला शेजारी जुने खाणगाव उभारायला घेतले. त्यातूनच नॉट्स बेरी फार्म हे मोठे करमणूक-उद्यान झाले. म्हणजे तिथे आधी जेवण आले आणि पाळणे मागून आले. हे ऐकल्यापासून माझ्या मनात त्या बाईंविषयी फार आदर आहे. पाहुणे जास्त झाले तेव्हा लग्नातल्या बशा काढायला धाडस लागते.

तिसऱ्या दिवशीच्या ॲनिमल किंगडमविषयी थोडेच लिहिते, कारण तो दिवस सरळ गेला आणि सरळ गेलेल्या दिवसात लिहिण्यासारखे काही नसते. साडेअकराला आम्ही बागेतून बाहेर पडून मोटारीने जवळच्याच 'सना'त गेलो. ॲनिमल किंगडम लॉज नावाच्या वसतिगृहातले ते उपाहारगृह. तिथे जेवायला बागेचे तिकीट लागत नाही, आणि हेच त्याचे मर्म आहे, कारण गर्दी बागेत राहते. मोठमोठ्या खिडक्यांबाहेर गवताळ रान, आणि रानात जिराफ आणि झेब्रे मोकळे चरताहेत. आणि पानात काय यावे? नान! पाच तऱ्हांच्या पोळ्या आणि त्यांच्याबरोबर नऊ वाट्यांतून चटण्या, रायते, लोणची. आफ्रिका आणि हिंदुस्थान ह्यांची चव तिथे एकत्र केली आहे. आंब्याची चटणी आपल्या साखरांब्याची चुलत बहीण. लसणाचे लोणचे मात्र झणझणीत. तीन दिवस पाव खाल्लेल्या आम्हां दोघांना त्या वाट्या बघूनच भरून आले. ह्यांनी जिराफाकडे पाठ करून जेवण केले.

आता राजवाडा. चौथ्या दिवशी पुन्हा मॅजिक किंगडमच होते. नात त्या नावाचा उच्चार करीत नव्हती, पण मी शाळेत तीस वर्षे मुली शिकवल्या आहेत. न बोलणाऱ्या मुलीचे मला जास्त ऐकू येते. सूनबाईला एक गोष्ट सुचली. जसे आपण त्या दिवशी गेलो नाही, तसे इतरांचेही बेत बदलत असणारच, आणि दंड चुकवायचा तर ते आदल्या संध्याकाळी किंवा सकाळीच नोंदणी सोडणार. तिसऱ्या दिवशी संध्याकाळपासून आम्ही दोघी पाळीपाळीने फोन बघत बसलो. चाळीस दिवस आधी न मिळणारी वेळ आदल्या रात्री मिळते, हे ज्यांना तिकिटांच्या प्रतीक्षायादीची सवय आहे त्यांना नवल वाटू नये. साडेसहाला चौघांचे टेबल दिसले, सोडले. पावणेआठला सहाजणांचे, पण दुपारी तीनचे, तेही सोडले. रात्री दहा वाजून गेल्यावर सहाजणांचे, सकाळी अकरा चाळीसचे. सूनबाईने बटण दाबले आणि आम्ही दोघी झोपलेल्या घरात तोंडावर हात धरून हसलो.

दुसऱ्या दिवशी आम्ही त्या राजवाड्याच्या पुलावरून आत गेलो. आत तीन दालने आहेत. त्यांतल्या एकात अंधार आणि गडगडाट, तिथे धाकटा घाबरला असता. आम्ही मोठ्या नृत्यशाळेतले टेबल मिळेपर्यंत थांबायची तयारी दाखवली आणि मिळाले. छताला भव्य झुंबरे, आणि समोरच्या उंच खिडक्यांबाहेर चक्क बर्फ पडत होता, भुरभुर, अखंड, बाहेर फ्लॉरिडाचे ऊन तळपत असताना. फ्रेंच लोक कांद्याचे सूप बहुधा गोमांसाच्या रसावर करतात, हे वाचून ठेवले होते, म्हणून मी विचारले आणि ते टाळले. आम्हांला भाज्यांचेच दुसरे मिळाले. चव बरी. सत्तर डॉलरांची होती का? नव्हती. ते मोल बर्फाचे आणि खुर्चीचे होते.

नातीने मात्र अन्नाला हात लावला नव्हता. ती खिडकीकडेही पाहत नव्हती. तिचे लक्ष भिंतीवरच्या घड्याळाला शोधत होते; ते सापडेना तेव्हा तिने आईचा फोन उलटा करून वेळ पाहिली. मग आजोबांच्या बशीतला पाव स्वतः तोडला, लोणी लावले आणि त्यांच्या हातात दिला.

"आजोबा, बारा वाजायला पाच मिनिटं आहेत. आधी हे खा. मग बर्फ बघू."